बोर्ड, आठ बाय चार

पत्रा आठ बाय चार, पिवळा ऑइल पेंट दोन हात.
मजकूर तहसीलमधून टाइप होऊन आला:
तालुक्यातील ऐतिहासिक व प्रेक्षणीय स्थळे. एकूण सात.
लावायचा एसटी स्टँडच्या मुतारीशेजारी,
रिकामी भिंत तेवढीच आहे.

सगळे पेंटर वरून सुरू करतात. मी खालून.
गावाचं नाव शेवटी.

सात. जिनिंगचा भोंगा.
प्रेस भंगारात गेली, भोंगा शेडच्या टोकावर राहिला.
आत साळुंक्या. विणीच्या दिवसांत
तो अजून सकाळी साडेसहाला वाजतो, बारीक आवाजात.

सहा. शिळावर्तुळे, ठवकरच्या शेतात.
नागपूरहून पोरं आली, मोजमाप केलं, खणलं,
घोड्याचा गंजका लगाम नेला, दोन कड्या नेल्या
आणि ठवकरचं फावडं.
तो अजून वखर गोल फिरवतो, दगड हलवत नाही.
विचारलं तर म्हणतो, बैलायले सवय हाये.

पाच मी मागे ठेवला.

चार, बारव. पस्तीस पायऱ्या, पाणी नाही.
खाली मोबाइलला रेंज नाही,
म्हणून परीक्षेच्या महिन्यात पोरं तिथं जाऊन बसतात.
तीन, हेमाडपंती महादेव,
चुन्याविना सातशे वर्षं उभा.
कमिटीने मागल्या वर्षी आतून टाइल्स लावल्या.

दोन नंबरला कुमरे मॅडम आल्या, नायब तहसीलदार,
हातात चहाचा ग्लास.
'गोंडकालीन किल्ला' वाचलं, थांबल्या.
कालीन म्हणजे काय हो, पेंटर? आम्ही गेलो का?
मी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला.
गोंड राजाचा किल्ला, लिहिलं.
बुरूज एकच उरलाय, तोही सीताफळाच्या मुळांनी धरलाय,
पण वाक्य सरळ झालं.

एक. आमदार निधीतलं उद्यान.
इतिहास: तीन वर्षं.

आता पाच. नॅरोगेज रेल्वे स्थानक (बंद), बाण उजवीकडे.
रूळ उचलून नेले, तिकीटखिडकीत विटा,
फलाटावर मिरची वाळते.
नावाचा बोर्ड कुणीतरी नाल्यावर टाकलाय,
बकऱ्या त्यावरून जातात.
पालथा आहे, म्हणून अक्षरं शाबूत.

ती माझ्या बापाची. डोमाजी गजघाटे,
रोजंदारी, साडेतीन रुपये.
तेव्हा हे गाव शिदोरा होतं.
लमाणांचे तांडे नदी उतरायचे,
बैलांच्या पाठी मोकळ्या करायचे,
गाठोडं सोडून भाकर खायचे इथं. म्हणून शिदोरा.
बाप शिडीवर होता.
इंजिनाने अवेळी शिट्टी मारली, हात हलला,
एक थेंब
'शि'च्या डोक्यावर.
साहेब खाली घड्याळ बघत होता.
बाप काही बोलला नाही.

तिकिटावर छापून आलं: शिंदोरा.
मग पोस्टाचा शिक्का. मग सातबारा. मग मतदारयादी.
मग गुरुजींनी फळ्याकडे पाठ करून सांगितलं,
इथं पूर्वी शिंदीचं दाट बन होतं.
परीक्षेत तो प्रश्न आला, मी तेच लिहिलं,
पाचपैकी पाच.
घरी येऊन सांगितलं
तर बुढा खाली मान घालून
वरणात कायतरी शोधत राहिला.

पुढं कितीतरी वर्षांनी, दवाखान्यात, सलाइन लावलेल्या हाताने
हवेत एक टिंब काढलं त्यानं.
शिंदी एक नव्हती लेका. एक नव्हती.

ऊन उतरलं. वरची एकच ओळ उरली.
वेलांटी झाली, मात्रा झाली, काना खाली ओढला.
शिदोरा.
दोनशे वर्षांपूर्वीची भाकर तेवढ्यात सुटली,
एवढ्यात खालून आवाज: पेंटर, टिंब राहिलं!
कुमरे मॅडम. मागे रिक्षावाले, पेपरवाला, दोन पोरं.

सांगायला तोंड उघडलं होतं.
ब्रशच्या टोकाला रंग जमून जड झालेला.

दिलं.
थेंब नाही पडू दिला, नीट काढलं,
गोल, ज्वारीच्या दाण्याएवढं.

सात स्थळांना नंबर आहेत, अंतरं आहेत.
हे आठवं, सगळ्यात वर.
याला बाण नाही.